रात्री आकाशात रॉकेट, तेही लाईट लावलेलं! बेलापूरसारख्या गावात हा छंद झेपेल का?

समजा, श्रीरामपूर तालुक्यातलं बेलापूर. प्रवरेच्या काठचं, उसाच्या पट्ट्यातलं गाव. रात्रीचे साडेआठ वाजलेत. इंजिनिअरिंगला असलेली तीन-चार पोरं गावाबाहेरच्या मोकळ्या रानात जमली आहेत. हातात पुठ्ठ्याच्या नळीचं दीड-दोन फुटांचं रॉकेट, त्याच्या टोकात लुकलुकणारा निळा एलईडी. पाच, चार, तीन, दोन, एक... फुस्स आवाज होतो, दोन सेकंद ज्वाळा दिसते आणि एक निळा ठिपका सरळ वर जातो. वर गेल्यावर छोटं पॅराशूट उघडतं आणि तो ठिपका डुलत डुलत खाली यायला लागतो.

पोरांसाठी हा आयुष्यातला भारी क्षण. पण त्याच वेळी अर्धा किलोमीटर लांब कुणीतरी उसाला पाणी भरतंय. त्याला रॉकेट दिसलेलं नाही. त्याला दिसला फक्त एक निळा दिवा, आकाशातून हळूहळू त्याच्याच रानाकडे येणारा. तो खिशातून मोबाईल काढतो, व्हिडीओ बनवतो आणि गावाच्या ग्रुपवर टाकतो. पुढच्या दहा मिनिटांत काय होईल?

हा प्रसंग काल्पनिक आहे. पण त्यातला छंद खरा आहे आणि त्या दहा मिनिटांची भीतीही खरी आहे. म्हणून हे प्रकरण नीट समजून घेऊ.

हा छंद नेमका आहे तरी काय?

याला म्हणतात मॉडेल रॉकेटरी. दिवाळीतला रॉकेट आणि हे रॉकेट यात मोठा फरक आहे. दिवाळीचा रॉकेट बाटलीत ठेवायचा, वात पेटवायची आणि पळायचं. तो कुठे जाईल याचा नेम नाही आणि परत तर येतच नाही.

मॉडेल रॉकेट परत आणण्यासाठीच बनवलेलं असतं. अंग पुठ्ठ्याचं, पंख हलक्या लाकडाचे, टोक प्लॅस्टिकचं. आत एकदा वापरून टाकायची छोटी मोटर. ती लांबून, वायर लावून बटणाने पेटवायची. मोटर एक-दोन सेकंद जळते, मग काही सेकंद रॉकेट आपल्या वेगाने वर जात राहतं. त्यानंतर मोटरमधलाच एक छोटा बार टोक बाहेर ढकलतो आणि पॅराशूट उघडतं. नवीन मोटर घातली की तेच रॉकेट पुन्हा तयार.

या छंदाची सुरुवात १९५४ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात झाली. ऑर्व्हिल कार्लाईल नावाचे चपला-बुटांचे दुकानदार आणि त्यांचे भाऊ रॉबर्ट यांनी हे पहिलं मॉडेल बनवलं. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि तिथली पोरं रॉकेटच्या नादाला लागली. अनेक जण घरातच दारू कुटून, लोखंडी पाईपात भरून रॉकेट बनवू लागले. त्यात पोरं जखमी झाली, काहींचे जीव गेले.

यावर उत्तर निघालं ते असं: मोटर कारखान्यात बनेल, पोरं फक्त रॉकेट बनवतील. १९५७ मध्येच नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेटरी ही संघटना उभी राहिली आणि तिने सुरक्षेचे नियम लिहिले. रॉकेटचं वजन जास्तीत जास्त दीड किलो, इंधन १२५ ग्रॅमच्या आत, धातूचे भाग नाहीत, वारा ताशी ३२ किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर उड्डाण नाही, ढगात किंवा विमानाजवळ सोडायचं नाही. बटण दाबूनही मोटर पेटली नाही तर एक मिनिट कुणी जवळ जायचं नाही.

हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे भारतात गाडी नेमकी इथेच अडते.

मग रात्रीच कशाला? आणि लाईट कशासाठी?

एक कारण साधं आहे, रात्री भारी दिसतं. दिवसा शे-दोनशे मीटरवर गेलेलं बोटभर रॉकेट डोळ्यांना सापडत नाही. रात्री मात्र ज्वाळा दिसते, मग दिवा दिसतो आणि खाली येईपर्यंत नजर हटत नाही.

दुसरं कारण कामाचं आहे. दिवा असला तर रॉकेट कुठे पडलं ते कळतं. त्यासाठी फार खर्च येत नाही. घड्याळात असतो तसा बटण सेल, एक एलईडी आणि टोकाजवळ पारदर्शक नळी. यात्रेत मिळतात तशा चमकणाऱ्या कांड्याही काही जण वापरतात. दिवा टोकात बसवण्याचा एक फायदाही आहे. वजन पुढे गेलं की रॉकेट जास्त स्थिर उडतं. तोटा एवढाच की वजन वाढलं म्हणून उंची थोडी कमी होते.

रॉकेटमधून उजेड सोडायची कल्पना भारताला नवीनही नाही. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी केरळमधल्या थुंबा इथून भारताच्या भूमीवरचं पहिलं रॉकेट उडालं. नाईके-अपाची असं त्याचं नाव. त्या रॉकेटने वरच्या हवेत सोडियमची वाफ सोडली. खाली अंधार पडत असताना वर सूर्यप्रकाश होता, त्यामुळे त्या वाफेचा नारिंगी पट्टा आकाशात चमकला. तो कसा पसरतो ते पाहून शास्त्रज्ञांनी वरचे वारे मोजले.

थोडक्यात, उजेड ही रॉकेटची खूण आहे. पण खुणेचा अर्थ दोन्ही बाजूंना माहीत असावा लागतो. थुंब्याच्या शास्त्रज्ञांना तो माहीत होता. बेलापूरच्या रानातल्या माणसाला तो कुणी सांगितलेला नसतो.

बेलापूरच्या शिवारात अडचण कुठे येते?

पहिली अडचण जागेची. अमेरिकेतल्या त्याच नियमांनुसार 'सी' प्रकारच्या, म्हणजे मध्यम छोट्या मोटरीसाठी किमान ४०० फूट बाय ४०० फूट मोकळी जागा लागते. आपल्या हिशोबात साधारण पावणेचार एकर. त्यात झाड नको, वीजतारा नकोत, वाळलेलं गवत नको. बागायती पट्ट्यात एवढा सलग मोकळा तुकडा शोधायला बसा, मग कळेल.

दुसरी अडचण वाऱ्याची. रॉकेट २०० मीटर उंच गेलं आणि पॅराशूटवर सेकंदाला पाच मीटर वेगाने खाली आलं, तर त्याला ४० सेकंद लागतात. वारा ताशी १८ किलोमीटर, म्हणजे अगदी साधा असला, तरी तेवढ्या वेळात ते २०० मीटर लांब जातं. म्हणजे पोरांच्या रानातून उडालेलं रॉकेट दुसऱ्याच्या उसात उतरणार.

दहा-बारा फूट उंच उसात उतरलेला दिवा बाहेरून दिसत नाही. म्हणून जाणकार मंडळी दिव्यासोबत छोटा भोंगाही बसवतात. पण आवाज आला तरी रात्री उसात शिरायचं कुणी? नगर जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात बिबट्या हा रोजच्या जगण्याचा विषय आहे. त्यामुळे इथला नियम सरळ आहे, रात्री उसात पडलेलं रॉकेट सकाळपर्यंत तिथेच राहू द्यायचं.

तिसरी अडचण आगीची. मोटर नीट जळली, पॅराशूट नीट उघडलं तर प्रश्न नाही. पण पॅराशूट उघडलंच नाही किंवा रॉकेट तिरकं गेलं, तर गरम मोटर पाचटावर पडू शकते. तोडणीला आलेला ऊस आणि वाळलेलं पाचट यांना ठिणगी पुरते. एका संध्याकाळच्या हौसेत कुणाचं वर्षभराचं पीक जाऊ शकतं.

आणि चौथी अडचण माणसांची. शहरात वाटतं, रात्री रानात कोण असणार? पण शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीने मिळते. रात्रीची पाळी असली की शेतकरी बॅटरी घेऊन रानात असतो. बिबट्याच्या भीतीने तो आधीच सावध असतो. प्रत्येक हालचालीकडे, प्रत्येक उजेडाकडे त्याचं लक्ष असतं.

आकाशातल्या दिव्याची एवढी भीती का बसली?

२०२४ चा पावसाळा आठवा. जून-जुलैमध्ये बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर, पुणे आणि नगर जिल्ह्याच्या काही भागांतून एकच बातमी येत होती, रात्री गावावर ड्रोन घिरट्या घालतायत. चोर ड्रोनने घरं हेरतात अशी चर्चा पसरली. गावागावांत पोरं काठ्या घेऊन रात्रभर पहारा देऊ लागली. अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांच्या मुक्कामाच्या ठिकाणावर ड्रोन दिसल्याचा विषय तर थेट विधिमंडळात गेला.

यातले किती खरे ड्रोन होते आणि किती विमानं, तारे आणि अफवा, हा वेगळा विषय. पण त्या काळात 'रात्री आकाशात दिवा म्हणजे काहीतरी घात' हे समीकरण डोक्यात बसलं. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात ड्रोनच्या बातम्या आल्या आणि ते आणखी पक्कं झालं. तेव्हा मुंबई पोलिसांनी ११ मे ते ९ जून या काळात फटाके आणि रॉकेट उडवण्यावर बंदी घातली होती. आकाशातला आवाज आणि उजेड यामुळे घबराट पसरते, हे त्यामागचं कारण.

ही घबराट कुठवर जाते याचीही उदाहरणं आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रायबरेली जिल्ह्यात एका दलित तरुणाला जमावाने मारून टाकलं. तिथे तेव्हा 'ड्रोनवाले चोर' आल्याच्या अफवा जोरात होत्या.

या दोन्ही घटनांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. मरणारा माणूस अफवेशी संबंधितच नव्हता. तो फक्त अनोळखी होता आणि चुकीच्या वेळी तिथे होता. रात्री गावात कुणीतरी न सांगता दिवा उडवला, तर त्याची किंमत तो उडवणाराच मोजेल असं नाही. दुसऱ्या दिवशी वाट चुकलेला एखादा फेरीवालाही मोजू शकतो.

दुसरी बाजूही आहे. आकाशातून खरोखर काहीतरी पडतंही. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी उत्तर महाराष्ट्रात आणि विदर्भात लोकांनी आकाशात जळत जाणारे ठिपके पाहिले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात मोठी धातूची रिंग पडली. चीनच्या चँग झेंग ३बी या रॉकेटचा तो भाग असावा, असं अभ्यासकांनी सांगितलं. गावकऱ्यांनी प्रशासनाला कळवलं, पुढे इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन तुकड्यांची पाहणी केली. तिथे कुणी कुणाच्या मागे काठी घेऊन धावलं नाही. प्रश्न योग्य ठिकाणी विचारला गेला, उत्तर मिळालं.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत याचं उत्तर सरळ आहे. दीड किलोच्या आतलं छोटं मॉडेल रॉकेट विमान वाहतुकीला धोका न होता उडवता येतं. त्याहून ताकदीचं रॉकेट मात्र सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत आधी परवानगी घेतल्याशिवाय उडवता येत नाही. म्हणजे रात्रीचा विचार नियमातच केलेला आहे.

आपल्याकडे ड्रोनसाठी असं चित्र बऱ्यापैकी स्पष्ट झालं. ड्रोन नियम २०२१ ने हिरवा, पिवळा, लाल असे विभाग आखले. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. पण हे नियम ड्रोनचे आहेत, रॉकेटचे नाहीत.

रॉकेटची मोटर कायद्याच्या नजरेत आधी स्फोटक असते, खेळणं नंतर. स्फोटक कायदा १८८४ आणि स्फोटक नियम २००८ तिला लागू होतात. याचा कारभार पाहणारी पेसो ही केंद्रीय संस्था, आणि तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. विनापरवाना स्फोटक बनवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्फोटक पदार्थाबाबत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८८ आहे. शिवाय जिल्हाधिकारी किंवा पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात, ते वेगळेच.

विमानांचाही विचार हवा. काकडीचा शिर्डी विमानतळ बेलापूरपासून हवाई अंतराने साधारण तीस किलोमीटरवर आहे आणि २०२५ पासून तिथे रात्रीही विमानं उतरू लागली आहेत. छोटं रॉकेट विमानाच्या उंचीच्या जवळपासही जात नाही. पण डोक्यावर विमान दिसत असताना बटण दाबायचं नाही, हा नियम इथेही पाळावाच लागतो.

खरी अडचण इथे आहे

आता तो आधीचा मुद्दा आठवा. हा छंद सुरक्षित झाला तो पोरांच्या हातून मोटर बनवण्याचं काम काढून घेतल्यामुळे. आपल्याकडे अशा तयार मोटरी खेळण्यांच्या दुकानात सहज मिळत नाहीत. मग बेलापुरातल्या एखाद्या हुशार पोराने रॉकेट उडवायचं ठरवलं तर तो काय करतो? यूट्यूब उघडतो.

तिथे त्याला साखरेपासून इंधन बनवण्याचे शेकडो व्हिडीओ सापडतात. साखरेच्या पट्ट्यातल्या पोराला हे फारच सोपं वाटतं. पण गॅसवर असं मिश्रण तापवताना ते पेटलं तर पळायलाही वेळ मिळत नाही. म्हणजे अमेरिकेने सत्तर वर्षांपूर्वी जी चूक पाहिली आणि सुधारली, ती आपली पोरं एकेकटी, घरच्या स्वयंपाकघरात पुन्हा करू शकतात.

कायदा कडक असला की छंद संपत नाही. तो लपतो. आणि लपलेला छंद रात्रीच बाहेर पडतो. त्यामुळे घरची मोटर, अंधार आणि कुणाला न सांगणं, हे तिन्ही धोके एकाच रानात एकत्र येतात.

उघडा रस्ता निघू शकतो हेही दिसलं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेटरी स्पर्धा झाली. इन-स्पेस, इस्रो आणि ॲस्ट्रॉनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया यांचा त्यात सहभाग होता. देशभरातल्या कॉलेजांतल्या पोरांनी तिथे दिवसाढवळ्या, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली रॉकेटं उडवली. पण अशी संधी तालुक्याच्या ठिकाणी कधी येणार, हा प्रश्न आहे. मोठमोठ्या परवानग्या कंपन्यांना झेपतात. अकरावीतल्या पोराला हवी असते जिल्ह्यात एक ठरलेली जागा, अधिकृत मोटर आणि जबाबदार शिक्षक.

तोपर्यंत काय करता येईल?

एक पर्याय आजच हातात आहे, पाण्याचं रॉकेट. कोल्ड्रिंकची प्लॅस्टिक बाटली, थोडं पाणी आणि सायकलचा पंप. हवेचा दाब पाणी खाली ढकलतो, बाटली वर जाते. तत्त्व तेच, पण आग नाही आणि स्फोटकही नाही. टोकात एलईडी लावला तर रात्रीची मजाही तीच. उंची कमी असल्याने शेजारच्या उसात जाण्याची शक्यताही कमी. अर्थात दाब हा दाब असतो. बाटली जुनी किंवा चिरलेली नको, डोळ्यांवर चष्मा हवा आणि दाब भरताना सगळे लांब हवेत.

पाण्याचं असो की परवानगीचं मोटरवालं, रात्री उडवायचं असेल तर या चार गोष्टी आधी करायला हव्यात:

• रॉकेट आधी दिवसा उडवून बघा. दिवसा सरळ न जाणारं रॉकेट रात्री सरळ जाणार नाही.

• पोलीस पाटील, ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याला तारीख, वेळ, जागा आधी कळवा.

• गावाच्या ग्रुपवर दिव्याचा रंग आणि वेळ सांगणारा मेसेज टाका. आजूबाजूच्या वस्त्यांनाही सांगा. झाल्यावर 'संपलं' असाही मेसेज टाका.

• आसपासच्या रानमालकांना बोलवा. ज्याने रॉकेट स्वतः उडताना पाहिलं, तो त्याची अफवा होऊ देत नाही.

आणि तुम्हाला आकाशात दिवा दिसला तर?

व्हिडीओ फॉरवर्ड करण्याआधी अर्धा मिनिट नीट बघा.

• लाल, हिरवा आणि पांढरा दिवा एकत्र, सरळ रेषेत जातोय: बहुतेक विमान.

• न लुकलुकता काही मिनिटं आकाश पार करणारा एकच तेजस्वी ठिपका: बहुतेक उपग्रह किंवा अवकाश स्थानक.

• एकामागे एक माळेसारखे ठिपके: बहुतेक स्टारलिंकचे उपग्रह.

• एक-दोन सेकंदांत विझणारी रेघ: उल्का.

• गुणगुण आवाज आणि एकाच जागी थांबणारा दिवा: ड्रोन असू शकतो.

• आधी ज्वाळा, मग दिवा सरळ वर आणि नंतर डुलत खाली: रॉकेट किंवा फटाका.

तरीही शंका आली तर ११२ ला फोन करा. काहीतरी पडलेलं सापडलं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. आणि अनोळखी माणूस दिसला तर त्याला विचारा, घेरू नका.

बेलापूरच्या त्या काल्पनिक रात्रीकडे परत जाऊ. तीच पोरं, तोच निळा दिवा. फरक एवढाच की त्या दिवशी दुपारी ग्रुपवर मेसेज आला होता: 'रात्री साडेआठला पोरं निळ्या दिव्याचं रॉकेट उडवणार आहेत, बघायला या.' उसाला पाणी भरणारा माणूस तोच दिवा बघतो. मोबाईल काढतो, व्हिडीओही बनवतो. पण या वेळी तो खाली लिहितो, 'आलं बघा पोरांचं रॉकेट आमच्या रानात. सकाळी घेऊन जा.'